मदत हवी आहे: जॉर्जियात भाडेपट्ट्याने द्राक्षशेती
नमस्कार मंडळी. निफाडला 4 एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. ती विकणार नाही, धाकटा भाऊ बघेल. मी जॉर्जियात (अमेरिकेतलं नव्हे, कॉकेशसमधला देश) काखेती भागात जाऊन शेती करायचा विचार करतोय.

एजंट म्हणतो जमीन नावावर होईल. पण 2018 पासून तिथल्या राज्यघटनेतच परदेशी माणसाला शेतजमीन घ्यायला जवळपास बंदी आहे, म्हणजे हा गडी थापा मारतोय. त्याला एक रुपया दिलेला नाही. खरेदी डोक्यातून काढली, भाडेपट्टाच बघतोय.

इथल्या सीएंकडून एवढं कळलं: बाहेर पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला 2,50,000 डॉलर, ती आम्हाला पुरून उरते. अनिवासी झाल्यावर इथे नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आहे ती राहते.

बजेट 40 लाख. रशियन, जॉर्जियन शून्य. तिकडची सापेरावी, र्कात्सितेली वाइनची द्राक्षं, आपला हात खायच्या द्राक्षांवर बसलेला, हेही माहीत आहे.

नवीन वेल हाताशी यायलाच तीनेक वर्षं जातात. तर प्रत्यक्ष तिथे राहिलेल्यांनी सांगा: पट्टा किती वर्षांचा मिळतो, आणि मालकाने मधेच जमीन काढून घेतली तर लावलेल्या वेलींचे पैसे मिळतात का?