नवशिक्यांना क्लासची रचना शिकवताना : सांगली-साताऱ्याच्या शिक्षकांचे अनुभव

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र ठेवणारे साचे, म्हणजे क्लास, लिहितात. त्याची वाक्यरचना मुलांना लवकर जमते. कोणते काम कोणत्या क्लासकडे द्यायचे, हे ठरवण्याची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते. ती आपण कशी लावता, हे वर्गातल्या उदाहरणासह लिहावे, ही विनंती.

प्राध्यापिका, सांगली
माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, येते, म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात करते. वजन गुणिले दर, त्यातून वजावट, आणि उरते ती निव्वळ रक्कम, एवढाच हिशेब. मुले प्रत्येक फील्ड (क्लासमधली माहितीची जागा) प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून बंद, करतात, लगेच तिला गेटर (किंमत वाचणारी मेथड) आणि सेटर (किंमत बदलणारी मेथड) जोडतात, हिशेब क्लासबाहेर, प्रोग्रॅम जेथून सुरू होतो त्या मेनमध्ये लिहितात आणि एन्कॅप्सुलेशन, म्हणजे माहिती व तिची कामे एकत्र बंदिस्त करणे, झाले असे समजतात. तेव्हा मी विचारते, की वजन ऋण भरले गेले तर ते कोण अडवणार, आणि निव्वळ रक्कम जर इतर आकड्यांवरून निघते तर तिला सेटर कशासाठी? सेटर काढून तपासणी कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे पट्टी तयार करणाऱ्या कोडमध्ये, आणली आणि हिशेबाची मेथड (क्लासचे काम) पट्टीकडेच ठेवली, की चुकीची पट्टी तयारच होत नाही, हे मुलांना स्वतःच्या कोडमध्ये दिसते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडलेले माहिती लपवण्याचे (आतली रचना बाहेरच्या कोडला दिसू न देण्याचे) तत्त्व मी त्यानंतरच सांगते, कारण आधी सांगितले तर ते व्याख्या म्हणून पाठ होते.

अभियांत्रिकीचे शिक्षक, सातारा
केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरांनी १९८९ मध्ये मांडलेली सीआरसी (क्लास-रिस्पॉन्सिबिलिटी-कोलॅबोरेटर) कार्डे मी संगणक सुरू करण्यापूर्वी वापरतो. कार्डावर क्लासचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याला ज्यांची मदत लागते ते क्लास, एवढेच लिहायचे. एसटीच्या आरक्षणात एक मुलगा 'फेरी' होतो, एक मुलगी 'तिकीट' होते, आणि 'आसन रिकामे आहे का' हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा, यावर वर्गात खरा वाद होतो. 'आरक्षणव्यवस्थापक' या कार्डावर जागा पुरेनाशी झाली, की त्याची कामे वाटून द्यावी लागतील, हे मला सांगावे लागत नाही.

खासगी शिकवणी, कराड
नाव आणि मोबाइल क्रमांक दोघांनाही असतो म्हणून मुले 'व्यापारी' हा क्लास 'शेतकरी' या क्लासपासून एक्स्टेंड करतात, म्हणजे व्यापारी हा शेतकऱ्याचाच एक प्रकार ठरवतात. शेतकरी जेथे चालतो तेथे प्रत्येक वेळी व्यापारी चालेल का, हे मी विचारतो. उत्तर नाही असेल, तर 'संपर्क' नावाचा वेगळा क्लास करून तो दोघांकडे ठेवावा.

प्रयोगशाळेच्या शिक्षिका, मिरज
माझ्या मते नियम फार लवकर सांगू नयेत. मी आधी पट्टीच्या हिशेबाचा छोटा प्रोग्रॅम लिहून घेते आणि पुढच्या प्रात्यक्षिकात गरज बदलते: वजन आता क्विंटलऐवजी किलोत येईल, किंवा वजावटीत एक नवी बाब वाढेल. त्यासाठी किती क्लासना हात लावावा लागला, हे प्रत्येकाने वहीत लिहायचे, आणि रचनेचे गुण मी त्या नोंदीवरच्या चर्चेतून देते.