ई-पेपर चढवला म्हणजे बातमी सापडते असं नाही

जिल्हा आवृत्तीचा ई-पेपर रोज चढवूनही तालुक्याचं नाव टाकल्यावर गुगलमध्ये बातमी का येत नाही, असा प्रश्न आहे. बरेच ई-पेपर म्हणजे नुसती पानाची चित्रं. पीडीएफ असली तरी पान श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात लावलेलं असेल, तर आतून निघतात रोमन अक्षरं नि चिन्हं. म्हणून प्रत्येक बातमी युनिकोडमध्ये (गुगलला वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात), स्वतंत्र दुव्यावर हवी. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरवर डोळे झाकून विसंबू नका: जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, जोडाक्षरं नि रफार तिथेच घसरतात. निदान मथळा तरी माणसाने वाचावा.

मथळ्यात गाव हवंच. छापील पानावर वर 'सातारा' अशी पट्टी असते, म्हणून 'पाणीपुरवठा दोन दिवस बंद' खपून जातं. वेबवर ती पट्टी कुठली? 'कऱ्हाड' लिहीत असाल तर मजकुरात एकदा 'कराड'ही येऊ द्या. (संभाजीनगर-औरंगाबादचं तेच.)

न्यूज साइटमॅपमध्ये (गुगलसाठी ठेवलेल्या ताज्या बातम्यांच्या दुव्यांच्या यादीत) गेल्या 2 दिवसांच्याच बातम्या ठेवायच्या, एका फाइलीत जास्तीत जास्त 1000. जुने दुवे तिथून काढा, पानं मात्र उडवू नका. धरणसाठ्यासारख्या विषयाला तर रोज नव्या दुव्यापेक्षा एकच पान अद्ययावत ठेवलेलं बरं.