पाकळी पडत नाही म्हणजे नकार नव्हे

'दोन वर्षे मागतोय, देव ऐकत नाही' अशी तक्रार इथे एकाने केली आहे, आणि त्यावर वर कुणीतरी जपाच्या माळा वाढवायला सांगितल्या आहेत. मला ते पटत नाही. उत्तर नाही म्हणून एकाच्या पाच माळा केल्या की आठवड्याभरात सगळे लक्ष आकड्याकडे जाते, आणि एक दिवस चुकला की पुढचे पंधराही चुकतात. एकच माळ ठेवा, १०८ मणी, वेळ ठरलेली. लहान नाम असेल तर पाच-सात मिनिटे पुरतात. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, न ओलांडता माळ फिरवायची, बस्स. जुना नवस फेडायचा असताना त्यावर नवा बोलू नका. देवाशी उधारीचे खाते उघडल्यासारखे होते ते.

एक गोष्ट इथे कुणी काढलीच नाही, आपल्या गोव्यातल्या देवळांतला कौल, म्हणजे देवाला प्रश्न विचारून उत्तर घेणे. भटजी गाऱ्हाणे घालतात, म्हणजे आपला प्रश्न देवापुढे मांडतात; मूर्तीवर पाण्याने पाकळ्या चिकटवलेल्या असतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण कधी कधी कुठलीच पडत नाही. पाणी जास्त झाले असेल, किंवा पावसाळ्यात गाभारा इतका दमट की पाकळी सुकतच नाही. तेव्हा त्याला नकार समजून कुणी उठून जात नाही. थांबतात, पुन्हा गाऱ्हाणे होते. प्रश्न मात्र एकच आणि होय-नाहीत बसणारा हवा. 'माझे सगळे बरे कर' याला पाकळी तरी कुठल्या बाजूला पडणार?