नोटरीसमोरची सोडचिठ्ठी: सही केली म्हणजे पोटगीचा हक्क संपला का?

केतकी:
माझ्या मामेबहिणीने २०२२ मध्ये शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही केली. 'आजपासून नवराबायकोचा संबंध संपला, पोटगी मागणार नाही, कोर्टकचेरी करणार नाही.' खाली दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. कडेवर अकरा महिन्यांचं पोर, आणि सही केल्याशिवाय दागिने मिळणार नव्हते. आता ती पोटगी मागतेय, तर गावात म्हणतात शब्द फिरवला. असला कागद तिच्यावर बंधनकारक असूच नये, असं माझं ठाम मत आहे.

खडकवासला:
ताई, दुसरी बाजूही ऐका. माझ्या धाकट्या भावाने असाच करार करून आठ लाख दिले. त्यासाठी दीड एकर विकली. वर्षाच्या आत पोटगीचा अर्ज आला! मुलगी शिकलेली, नोकरीवाली, वडील शेजारी बसलेले, वाचून सही केलेली. मग सहीला किंमत काय राहिली? जमिनीच्या खरेदीखतात असं चालेल का?

वकीलकाका:
खरेदीखत आणि पोटगी एका मापात घालू नका. बाईवर उपाशी राहायची वेळ येऊ नये म्हणून ती तरतूद आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. 'पुढे कधीच मागणार नाही' ही अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्दबातल, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. शिवाय नोटरीच्या शिक्क्याने हिंदू विवाह मोडत नाही. जातीत काडीमोडाची रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. तुमच्या भावाने पैसे कोर्टाबाहेर दिले, तिथे चुकलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा, अर्ज करून संमतीच्या अटी कोर्टात दाखल करायच्या आणि मोठा हप्ता हुकूमनाम्याच्या दिवशी, डीडीने.

खडकवासला:
काका, १३-ब मध्ये तरी कुठे खात्री आहे? हुकूमनाम्याआधी एकट्यालाही संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ लाच म्हटलंय. पहिला हप्ता घेऊन दुसऱ्या तारखेला माणूस आलाच नाही तर?

वकीलकाका:
म्हणून तर मोठा हप्ता शेवटी. पण नको असलेली संमती कोर्टाने कुणाकडून जबरदस्तीने घ्यावी, हे मला पटत नाही.

केतकी:
खडकवासला, पोटगी ठरवताना तुमच्या भावाचे आठ लाख हिशेबात धरावेत, हे मलाही मान्य. माझ्या बहिणीला मात्र दागिन्यांशिवाय काही मिळालेलं नाही, आणि तेही तिचेच होते. पोराच्या खर्चाचा तर त्या कागदात उल्लेखही नाही. काका, त्याच्यासाठी वेगळा अर्ज करायचा की तिच्याच अर्जात मागायचं?