१०७ पॉइंट्स करूनही प्लेऑफ खेळायला लावणं हा अन्यायच आहे

मेडोलेनकर:
परवा इथे एकाने रेक्सहॅम या फुटबॉल क्लबच्या २०२२-२३ सीझनवर पोस्ट टाकली होती, त्यात शेवटी लिहिलं होतं की नॉट्स काउंटी (माझी टीम) प्लेऑफ, म्हणजे दुसऱ्या जागेसाठीच्या नॉकआउट मॅचेस, जिंकून वर गेलीच की, मग अजून रडगाणं कशाला, वर जायची एकच थेट जागा होती म्हणूनच तर इंग्लंडची ही पाचव्या पातळीची नॅशनल लीग एवढी रंगली. तिथे खाली उत्तर लिहायला घेतलं पण लांबलं म्हणून वेगळा धागा काढतेय.

रंगली कोणासाठी? टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी. आम्ही नॉट्सवाले ४६ मॅचमध्ये फक्त ३ हरलो, रेक्सहॅमपण ३च हरले. त्यांचे १११, आमचे १०७. गोल तर आमचे एकाने जास्त, ११७. लँगस्टाफने एकट्याने लीगमध्ये ४२ मारले. तिसरं चेस्टरफील्ड ८४ वर, म्हणजे आमच्या २३ मागे. एवढं करून हातात काय, तर थेट सेमीफायनल, ती पण एकाच मॅचची.

मी त्या दिवशी आमच्या मैदानावर, मेडो लेनला होते. समोर बोरहॅम वुड, तीसहून जास्त पॉइंट्सनी मागे असलेली टीम, आणि हाफटाइमला आम्ही ०-२. माझ्या शेजारी कायम बसणारे आजोबा आहेत, सत्तरी उलटलेले, त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढला, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. नंतर बॉल्डविनने दोन मारले, दुसरा तर भरपाईच्या वेळेत, आणि १२० व्या मिनिटाला जोडी जोन्सने तिसरा. तेव्हा आजोबा रडत होते आणि मीही. पण ते रडणं आनंदाचं कमी आणि सुटल्याचं जास्त होतं. फायनल परत पेनल्टीवर. आर्ची मेअरला फक्त पेनल्टीसाठी गोलमध्ये उतरवलं आणि त्याने दोन अडवल्या म्हणून आज मी हे लिहितेय, नाहीतर १०७ पॉइंट्सची टीम तिथेच राहिली असती. हॉलिवूडच्या पैशाशी टक्कर देऊन चार पॉइंट्स कमी पडले, ही त्याची शिक्षा?

रेड_ड्रॅगन_डोंबिवली:
ती पोस्ट माझीच होती, सरळ नाव घ्यायचं होतं. आणि हे "हॉलिवूडचा पैसा" आता बास करा. रेनॉल्ड्स आणि मॅकएल्हेनी हे हॉलिवूडवाले मालक रेक्सहॅमला २०२१ मध्ये आले, त्याआधी दहा वर्षं क्लब फॅन्सच्या ट्रस्टने चालवला. २०११ च्या ऑगस्टमध्ये क्लबला सीझन सुरू करण्याआधी हमीची रक्कम भरायची होती तेव्हा लोकांनी एका दिवसात एक लाख पौंडांच्या वर गोळा करून दिले, घरासाठी साठवलेले पैसे आणून दिले लोकांनी. २००८ ला खाली गेलेला क्लब, १५ वर्षं तिथे सडला. त्यांना जिंकायचा हक्क नाही का?

आणि नियम ऑगस्टमध्ये सगळ्यांना माहीत होता. १० एप्रिलला आमच्या रेसकोर्स मैदानावर आम्ही ३-२ पुढे असताना अगदी शेवटी तुम्हाला पेनल्टी मिळाली, चाळिशीचा बेन फॉस्टर निवृत्तीतून परत आलेला, त्याने उजवीकडे झेपावून अडवली. ती गेली असती तर कदाचित तुम्ही चॅम्पियन झाला असता आणि हा धागा मी काढला असता का? नसता काढला. मी ती मॅच ऑफिसमध्ये फोन टेबलाखाली धरून बघितली आणि ती पेनल्टी अडली तेव्हा मी उभाच राहिलो, सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक जागा होती म्हणून ती पेनल्टी तेवढी मोठी होती. तीन जागा असत्या तर कोणाला पडली असती?

पैशाचंच काढताय तर २००९ आठवा. नॉट्सकडे पण मुंटो फायनान्स नावाचे नवे मालक आले होते, एरिक्सनला डायरेक्टर केलं, सोल कॅम्पबेल एक मॅच खेळून निघून गेला, आणि शेवटी क्लब एका पौंडाला विकायची वेळ आली.

मेडोलेनकर:
पोस्ट तुमची होती हे लक्षात नव्हतं, त्याबद्दल सॉरी. मुंटोचं खरं आहे, ते आम्हाला अजून टोचतं. पण त्यामुळे १०७ चे ८० होत नाहीत. आणि पेनल्टी मोठी वाटावी म्हणून २४ टीम्सनी वर्षभर कोंडून घ्यायचं, हे मला पटत नाही.

हिशेबनीस:
इथे सगळे वर जाणाऱ्यांचंच बोलतायत. प्रत्येक जादा प्रमोशनमागे वरच्या लीग टूमधून एक जादा क्लब खाली जातो हे कोणी लिहिलंच नाही. तिथले कितीतरी क्लब छोट्या गावातले, तीन-चार हजार प्रेक्षक, खाली गेले की लीगकडून येणारा पैसा आटतो, ॲकॅडमी बंद करायची वेळ येते. ओल्डहॅम प्रीमियर लीग खेळलेला क्लब, २०२२ ला खाली गेला, वर यायला तीन वर्षं लागली. खाली जायची भीती वाढली की मालक जानेवारीत नको ते खर्च करतात, आणि बरी या क्लबला २०१९ मध्ये पैशाच्या गोंधळापायी लीगमधून काढूनच टाकलं. आणि १९८७ च्या आधी तर मतदानानेच ठरायचं, थेट प्रमोशनच नव्हतं. दुसरी जागा, प्लेऑफमधली, २००३ पासून मिळाली. तुमच्यावर अन्याय होतोय असं म्हणणं जरा जास्त आहे.

मेडोलेनकर:
ओल्डहॅमचं नाव तुम्हीच काढलंत बरं झालं. २०२४-२५ ला यॉर्क ९६ पॉइंट्सवर दुसरं आणि ओल्डहॅम ७३ वर पाचवं. ओल्डहॅमने यॉर्कला त्यांच्याच घरी ३-० हरवलं आणि वर गेले. २३ पॉइंट्सचा फरक ९० मिनिटांत पुसला. त्याच वर्षी नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांतल्या ७२ही क्लब्सनी मिळून तीन जागा मागितल्या, त्या उगाच नाही.

मडगांवचो:
तुम्ही एक जागा की तीन यावर भांडताय, आमच्या गोव्यात २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग सोडली कारण वरची लीग, आयएसएल, बंद दाराची करायचा बेत होता, मग जिंकून काही उपयोग नव्हता. धेंपोने पाच राष्ट्रीय टायटल जिंकलेली. आयएसएलमध्ये प्रमोशन म्हणून पहिली टीम गेली ती पंजाबची, तीही याच २०२२-२३ सीझननंतर. आणि २०२५ ला चर्चिलला चॅम्पियन जाहीर केलं, ट्रॉफी दिली, मग लवादाने ती इंटर काशीला दिली. माझा बाबा फातोर्ड्याला मॅच चुकवायचा नाही, आता जातच नाही.

रेड_ड्रॅगन_डोंबिवली:
मडगावच्या भाऊंचं दुःख खरंय. पण एक सांगतो, मालक चांगला असेल तर क्लब कुठल्याही जागेवरून वर येतो, रेक्सहॅम तीन वर्षांत तीनदा वर गेलं. आणि मालक वाईट असेल तर काय होतं ते पुण्याच्या मालकांनी ब्लॅकबर्नमध्ये दाखवलंय.

बालेवाडी_ब्लॉक:
आलात वेंकीजवर. कुठलाही विषय असो, मराठी माणूस पुण्याच्या मालकांना शिव्या घालूनच थांबतो. मी २०११ ला बालेवाडीला ब्लॅकबर्न रोव्हर्स विरुद्ध पुणे एफसी मॅच बघितली. प्रीमियर लीगची टीम आपल्या गावात, मी तेव्हा अकरावीत, घरी क्लास आहे सांगून गेलो होतो. तेव्हापासून रोव्हर्सच. ज्यांनी एक मॅच पूर्ण बघितली नाही ते मला मालक शिकवणार?

रेड_ड्रॅगन_डोंबिवली:
भावा, भावना समजतो पण रेकॉर्ड बघ. नोव्हेंबर २०१० ला क्लब घेतला, डिसेंबरमध्ये ॲलरडाइसला काढलं, कधी मॅनेजर नसलेल्या स्टीव्ह कीनला आणलं. २०१२ ला रेलिगेशनच्या मॅचला लोकांनी मैदानात कोंबडी सोडली. हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला. १९९५ चा चॅम्पियन क्लब २०१७ ला तिसऱ्या पातळीच्या लीग वनमध्ये. यात कुठे माझं मत आहे, सगळं घडलेलं आहे.

बालेवाडी_ब्लॉक:
पहिली दोन-तीन वर्षं माती केली, मान्य. कीनचं तर बोलूच नका, मलाही राग आहे. पण नंतर दरवर्षी तोटा भरत राहिले, सोडून पळाले नाहीत. बोल्टन २०१९ ला ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीच्या कारवाईत गेलं, विगन २०२० ला गेलं, बरी लीगमधूनच गेलं. तिघेही शेजारचेच क्लब. ब्लॅकबर्न एकदाही गेलं नाही. दिल्ली हायकोर्टाची परवानगी काढून पैसे पाठवलेत. आणि २०१७ ला आम्ही ५१ पॉइंट्स करून फक्त गोल फरकाने खाली गेलो, ब्रेंटफर्डला ३-१ जिंकूनही.

मेडोलेनकर:
त्या दिवशी वाचली ती आमच्या नदीपलीकडची नॉटिंगहॅम फॉरेस्ट, तीही ५१ वरच, त्यामुळे तो दिवस मला चांगला आठवतो. पण पुढच्या वर्षी काय झालं ते सांगा ना.

बालेवाडी_ब्लॉक:
पुढच्या वर्षी वर आलो. डॉनकास्टरला आमच्या मुलग्र्यूने हेडर मारला तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजत आलेले, मी इतक्या जोरात ओरडलो की आई काय झालं म्हणून पळत आली. स्ट्रीम अडकत होतं, गोल आधी कॉमेंट्रीत ऐकला आणि नंतर दिसला. ९६ पॉइंट्स, दुसरा नंबर, थेट प्रमोशन.

मेडोलेनकर:
९६ आणि दुसरा नंबर. यॉर्कपण ९६ आणि दुसरा नंबर. तुम्ही लीग वनमध्ये होता म्हणून त्या रात्री आईला उठवलंत. यॉर्कच्या माणसाने त्याच पॉइंट्सवर घरच्या मैदानात ३-० बघितलं. डॉनकास्टरनंतर तुम्हाला सांगितलं असतं की आता पाचव्या नंबरशी एक मॅच खेळा, तर तुम्ही काय म्हणाला असता?

हिशेबनीस:
हा मुद्दा बरोबर आहे. तरी माझं म्हणणं राहतं की खाली जाणाऱ्याला दोन वर्षं आधार मिळेल असे पैसे आधी ठरवा, मग तीन जागा द्या.

रेड_ड्रॅगन_डोंबिवली:
तीन जागांना माझा विरोध कधीच नव्हता. त्या सीझनला कमी लेखू नका एवढंच म्हणत होतो.

मेडोलेनकर:
"रडगाणं" लिहिलं होतंत.

रेड_ड्रॅगन_डोंबिवली:
तो शब्द मागे घेतो. तेवढाच.

बालेवाडी_ब्लॉक:
ताई, ९६ चं पटलं. त्या रात्री परत एक मॅच खेळायला सांगितलं असतं तर मी टीव्ही फोडला असता. वेंकीजबद्दल मात्र मी एक शब्द मागे घेणार नाही, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.