मदत हवी आहे: ३७ अंशांवर यीस्ट उन्हाने मेलं की टेलोमिअर उघडे पडल्याने?

नमस्कार. मी धुळ्याला एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट यीस्टच्या टेलोमिअरवर, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाच्या संरक्षक भागावर आहे. कुणी यीस्ट जेनेटिक्समध्ये काम केलं असेल तर कृपया वेळ काढून वाचा, व्हायवा जवळ आली आहे.

माझ्याकडे दोन स्ट्रेन आहेत. एक नेहमीचा बीवाय४७४१ (प्रयोगशाळेतला साधा यीस्ट) आणि दुसरा त्यातूनच वायकेयू७० (केयू या प्रथिनाचा एक भाग बनवणारं जनुक) काढलेला, म्हणजे म्युटंट. हा दुसरा ३० अंशांना वाढतो, ३७ च्या पुढे अडतो, हे वाचून काम सुरू केलं. दहापट-दहापट डायल्यूशन करायचं, वायपीडी या वाढीच्या माध्यमावर थेंब द्यायचे, दोन तापमानांना प्लेट ठेवायच्या.

एप्रिलपर्यंत ठीक चाललं. आमच्या इन्क्युबेटरला कूलिंग नाही, त्यामुळे तो खोलीपेक्षा गार होत नाही, आणि खान्देशातला उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. लॅब वरच्या मजल्यावर, त्यात दुपारची लाइट जाते. आता '३०' लिहिलेल्या प्लेटवरही म्युटंट विरळ उगवतो, आणि बीवाय४७४१ सुद्धा शेवटच्या थेंबांत कमी दिसतो. गाइड सरांनी विचारलं, "यात टेलोमिअरचा हात आहे हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नाही.

मला समजलेलं असं. यीस्टच्या गुणसूत्राच्या टोकाला साधारण ३०० बेस जोड्यांची टीजी-पुनरावृत्ती असते. दुहेरी भागावर रॅप१ हे प्रथिन बसतं, टोकाच्या एकेरी धाग्यावर सीडीसी१३, एसटीएन१ आणि टेन१ ही प्रथिनं. लांबी राखतो टेलोमरेज हा एन्झाइम: ईएसटी२ हे प्रथिन आणि टीएलसी१ हा आरएनए. केयू त्या टीएलसी१ ला धरतं, म्हणून केयू नसलं की टेलोमिअर आखूड. मग ३७ ला मरण्याचं कारण हा आखूडपणाच का?

दुसरं कोडं जास्त छळतंय. केयूचं एरवीचं काम तुटलेला डीएनए पुन्हा सांधण्याचं. तेच प्रथिन नेमकं टोकावर बसतं. १६ गुणसूत्रं, ३२ टोकं, मग ती एकमेकांना चिकटत का नाहीत? एक जोड जरी चुकीचा झाला तरी दोन सेंट्रोमिअरचं (विभाजनात गुणसूत्र जिथून ओढलं जातं ते बिंदू) गुणसूत्र तयार होईल आणि विभाजनात ओढाताणीने तुटेल.

तापीकाठ: ताई, आधी पहिलं. आखूडपणा हे कारण नाही. टेल१ हे टेलोमिअरची लांबी राखायला मदत करणारं जनुक काढलेल्या यीस्टचे टेलोमिअरही तितपतच आखूड होतात, तरी ते ३७ ला वाढतं. केयू नसताना एक्झो१ नावाचं न्यूक्लिएज (डीएनए कापणारं एन्झाइम) ५' बाजूचा धागा कुरतडत जातं, एकेरी डीएनए लांबतो, पेशीला वाटतं डीएनए तुटलाय, आणि चेकपॉइंट, म्हणजे पेशीची तपासणी यंत्रणा, विभाजन थांबवतो. एक्झो१ सुद्धा काढलं तर तोच म्युटंट उष्णतेत बराच सावरतो. म्हणून टेल१ चा स्ट्रेन कंट्रोल म्हणून मिळवाच. जमलं तर केयू-एक्झो१ चा दुहेरी म्युटंटही. व्हायवात तुमची बाजू हेच दोन स्ट्रेन मांडतील.

दुसरं: केयू टोकावर असतं, पण सांधण्याची पुढची पायरी अडवलेली असते. शेवटी लायगेज-४ हे टोकं जोडणारं एन्झाइम लागतं, आणि रॅप१ तिथपर्यंत गाडी जाऊ देत नाही. रॅप१ वर बसलेली रिफ२ आणि सर४ ही प्रथिनं या कामात मदत करतात. पेशीतलं रॅप१ कमी केलं की टोकं खरोखर जुळू लागतात. म्हणजे केयूचा स्वभाव तोच राहतो, शेजारी बदलतो.

परीक्षक आणखी विचारतील: डिप्लॉइडमध्ये (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या पेशीत) काय? तिथे एनईजे१ हे सांधणीला लागणारं जनुक दबलेलं असतं, म्हणून ही सांधणी मुळातच मंद. तुमचे स्ट्रेन हाप्लॉइड (एकच संच असलेले) आहेत हे आवर्जून सांगा.

केळीबाग_यावल: तापमानाचं मी सांगतो, आमच्याकडेही हेच दिवस असतात. इन्क्युबेटर सोडा. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, कूलरच्या खोलीत थर्मोकोलच्या खोक्यात प्लेट ठेवा, सोबत बर्फाची पिशवी आणि कमाल-किमान थर्मामीटर. रोजचे दोन्ही आकडे वहीत लिहा. ३७ साठी वॉटर बाथ वापरा, म्हणजे लिक्विड कल्चर घ्यावं लागेल. आणि ज्या दिवशी बीवाय४७४१ स्वतः अडखळला, त्या दिवसाच्या प्लेट मोजणीत धरू नका.

धागाकर्ती: दोघांनाही मनापासून आभार. टेल१ मागवते. पण तो येईपर्यंत स्वस्तात काही बघता येईल का? आमच्याकडे साधा मायक्रोस्कोप आणि मेथिलीन ब्लू आहे.

तापीकाठ: भरपूर आहे. ३७ ला काही तास ठेवून थेंब बघा. उष्णतेने मेलेल्या पेशी निळ्या होतील आणि सगळ्या अवस्थांतल्या असतील. चेकपॉइंटवर थांबलेल्या पेशी आधी जिवंतच असतात, त्या रंग घेणार नाहीत, आणि त्यात मूळ पेशीएवढीच मोठी कळी (तिच्यातून फुटणारी नवी पेशी) लागलेल्या जोड्या जास्त दिसतील. दोन्ही स्ट्रेनमध्ये निळ्या किती आणि मोठ्या कळीच्या किती, हे वेगवेगळं मोजा. स्लाइडचे फोटो इथेच टाका, बघून सांगतो.