‘जनावरांची कळकळ आहे आणि मानधनही हवंय?’ या पोस्टला माझं उत्तर

मिरज_जंक्शन

आपल्याच भागातल्या एका ज्येष्ठ प्राणीमित्रांची पोस्ट दोन दिवस सगळ्या ग्रुपवर फिरतेय. मथितार्थ असा: हल्लीची झूलॉजी केलेली पोरं पहिल्याच दिवशी मानधन विचारतात, ज्याला खरी कळकळ आहे त्यानं खिशाकडे बघू नये, दोन वर्षं झाडलोट करावी, मग संशोधनाच्या गोष्टी कराव्यात. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. तिथं उत्तर लिहिलं तर उडवलं, म्हणून इथं लिहितोय.

झाडलोटीला माझी ना नाही. एका प्राणी-निवाऱ्यात पिंजरे धुतलेत, खरजेच्या कुत्र्यांना औषधाच्या पाण्यानं आंघोळी घातल्यात, पार्व्हो या विषाणूच्या रोगानं गेलेली पिल्लं पुरलीत. पण त्याच निवाऱ्यात गाडीचा ड्रायव्हर पगारी, हिशेब लिहिणारा पगारी, देणगीदारांसाठी फोटो काढणारा पगारी. जनावराला हात लावणारी पोरं तेवढी सेवेकरी! दुसऱ्या एका ठिकाणी तर इंटर्नशिपची फी पोरांकडूनच घेतात, राहण्या-जेवणाचे वेगळे. म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसा तोच अभ्यासक. जत-आटपाडीच्या पोरानं फक्त कळकळ बाळगायची.

आणि वर्तनाचा अभ्यास म्हणजे माया लावणं नव्हे. एक कुत्रं ठरवायचं, ठरलेला वेळ त्याच्यावरच नजर ठेवायची आणि दर मिनिटाला लिहायचं: हुंगलं, शेपूट घातली, वाट सोडली, झोपलं. पुन्हा झोपलं. आयसर कोलकाता या विज्ञान संशोधन संस्थेच्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर असं वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांच्या नोंदींत शंभरातली जेमतेम १९ पिल्लं सात महिन्यांपुढं जगली, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसामुळं गेली. बिस्किटं वाटून हे कळलं नसतं. आणि तिथल्या पीएचडीच्या पोरांना फेलोशिप असते, हवा खाऊन कुणी वह्या भरल्या नाहीत.

वाईची_आत्या

८१ मेली हे वहीत लिहिणाऱ्यांनी त्यातलं एक तरी उचलून डॉक्टरकडे नेलं का? की नेलं असतं तर आकडा बिघडला असता?

मी रोज संध्याकाळी गल्लीतल्या कुत्र्यांना भात-पेडिग्री घालते. नसबंदीला स्वतः रिक्षा करून नेते, नसबंदीची खूण म्हणून कान कापलेलं कुत्रं परत आणून त्याच्याच गल्लीत सोडते. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये खायला घालायच्या जागा नेमून द्या म्हणून सांगितलं. आमच्याकडे जागा नेमली ती माझ्या शेजारणीनं: ‘माझ्या दारापासून लांब.’ तिनं मला काय काय म्हटलंय ते इथं लिहिता येणार नाही. तरी कधी कुणाकडे एक रुपया मागितला नाही.

मिरज_जंक्शन

आत्या, तुम्हाला पेन्शन आहे.

वाईची_आत्या

पेन्शन काढलीस? तुझ्यासारख्यांचे कान पिळून मिळवलीय ती! आणि ती जाते कुठं, तर पेडिग्रीच्या पोत्यात.

ऊसवाला_कराड

आत्याबाई, राग मानू नका, पण तुमचा भात आमच्या मुळावर येतो. कुत्री वाढली की बिबट्या आलाच. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनानं ३९ टक्के कुत्रीच निघाली होती. आमच्या वस्तीवर तर साखळीला बांधलेलं कुत्रं साखळीसकट नेलं.

याला मी संशोधन म्हणतो. बिबट्या पकडून लांब नेऊन सोडला की तिथं हल्ले वाढतात, हे जुन्नरकडच्या अभ्यासातनंच कळलं. नाहीतर आमचा गाव अजून ‘पिंजरा लावा’ एवढंच ओरडत बसला असता. (ओरडतोच, पण आता दोघं-चौघं गप्प बसतात.) तोडणीत बछडी सापडली की तिथंच ठेवायची, लांब व्हायचं, आई रात्री येऊन उचलते. पण ‘वाइल्डलाइफ व्हॉलंटियर’ लिहिलेला टी-शर्ट घातलेली पोरं पहिली येतात ती सेल्फीला. त्यांना पगार? त्यांच्याकडनं दंड घ्या.

तासगावचा_सर्पमित्र

कराडच्या दादांनी बिबट्याचं सांगितलं, सापाचंही तेच आहे. घरातनं उचलायचा आणि पार डोंगरात नेऊन सोडायचा. त्याला तिथलं ना बीळ माहीत ना पाणी. मी पण सुरुवातीला हेच करायचो, सगळेच करायचे. शिकवायला होतं कोण?

मानधनाचं मला विचारा. रात्री दोनला फोन, पेट्रोल माझं, सकाळी आठला कंपनीत हजर. घोणस चावली तेव्हा बोट वाचलं पण वाकडं राहिलं, बिल भागवायला बायकोची बोरमाळ गहाण टाकली. साप धरला की लोक चहा देतात. चावला की म्हणतात, ‘तुला कुणी सांगितलं होतं?’ २०२५ मध्ये सरकारनं ओळखपत्र आणि १० लाखांच्या विम्याची घोषणा केली. घोषणेवर गाडी चालत नाही.

आणि त्याच वर्षी नागपंचमीला शिराळ्याला २१ नाग धरायची केंद्राची परवानगी, ‘शिक्षणासाठी’! आम्ही धरला तर कायदा, त्यांनी धरला तर पारंपरिक ज्ञान.

शिराळकर

आलं का शिराळ्यावर! कुठनंबी सुरू करा, गाडी आमच्याच वेशीत येऊन थांबती.

आवो, गोरक्षनाथांपासनं चालत आलंय हे. २०१४ ला जिवंत नाग धरायचा न्हाई म्हणून उच्च न्यायालयाचा आदेश आला तवापासनं आमी प्रतिमेची पूजा करतोय. घरात म्हातारी माणसं रडली, पर कायदा पाळला. तुमच्या रानात नाग दिसला की फावडं घेता, आमी हात जोडतो. प्राणीमित्र कोण मग?

मिरज_जंक्शन

हात जोडता, आणि बंदीआधी मडक्यात कोंडतही होता. मिरवणुकीत ढोलताशात फणा काढायला लावायचा, लांबीवर बक्षीस द्यायचं. फणा ही भीती आहे हो, दर्शन नव्हे. शिवाय पंचमीच्या आधीचे महिने अंड्यांचे. मादी अंड्यांजवळ बसलेली असते, ती उचलल्यावर मागं काय राहतं? वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, उगाच नाही.

शिराळकर

मादी अंड्यावर बसती हे तुमी आमाला सांगताय? आमच्या म्हाताऱ्याला बिळाच्या तोंडाची माती बघून आत नाग हाय का धामण ते कळतं. अंड्यावरची मादी आमच्यात काढत न्हाईत. दुसरं कोण काढत असंल तर त्याला विचारा.

ढोलताशाचं म्हणाल तर ते मागनं घुसलं. तेवढं मान्य. तेवढंच.

खिल्लारप्रेमी_विटा

नागावर एवढी चर्चा? २०१४ ला बैलगाडा शर्यती बंद केल्या तेव्हा हे सगळे वर्तनतज्ज्ञ कुठं होते? २०२१ च्या डिसेंबरात परत सुरू होईपर्यंत खिल्लार खोंडाला गिऱ्हाईक नव्हतं. सांभाळायला परवडेना म्हणून किती जनावरं कुठं गेली, त्याची वही आहे का कुणाकडं?

ऊसवाला_कराड

दादा, वेगळा धागा काढा.

खिल्लारप्रेमी_विटा

काढला होता. तिथं कुणी आलं नाही.

वाईची_आत्या

मूळ मुद्द्यावर या. रात्रभर विचार केला. पेट्रोल आणि विमा द्यायला हवा, त्या तासगावच्या पोराचं वाचून वाईट वाटलं. पण पगार म्हणाल तर नाही. पगार सुरू झाला की आठ तास भरले म्हणून पोरं पिशवी उचलून निघतील, आणि पिल्लू तिथंच तडफडत राहील.

मिरज_जंक्शन

सिव्हिलमधल्या नर्सला पगार असतो, म्हणून ती पेशंट टाकून जाते काय? बाकी पेट्रोलवर आलात, आभारी आहे. अजून दहा वर्षांनी जेवणावर याल.

शिराळकर, एक मनापासून सांगतो. तुमच्या म्हाताऱ्याला मातीवरनं कळतं ना, ते कुणीतरी नीट उतरवून घेतलं पाहिजे. कुठलं बीळ, कुठली तारीख, किती लांबी, आत काय निघालं. असल्या नोंदी हजार झाल्या तर कुठल्याही विद्यापीठाला घ्याव्या लागतील. आमच्यातली दोन पोरं यायला तयार आहेत.

शिराळकर

मागं एक सायेब असंच आलं होतं. आठवडाभर आमच्यात राहिलं, जेवलं, म्हाताऱ्याकडनं समदं उतरवून घेतलं. पुढं छापून आलं म्हणं, म्हाताऱ्याचं नाव त्यात कुठं न्हाई. पोरांच्या पगारावर एवढं भांडताय, तर आधी हे सांगा, म्हाताऱ्याला काय देणार?

मिरज_जंक्शन

पोरांना जे मिळतं तेवढं तरी.

शिराळकर

म्हंजी शून्य.